वहीतील ४१,५०० रुपये

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ४४ वर्षांचा असून सांगलीत एका बँकेच्या कर्ज विभागात अधिकारी आहे. गेली अकरा वर्षे आम्ही सात मित्र एक शनिवार आड बुधगाव रस्त्यावर एका मित्राच्या मळ्यातील घरी पोकर खेळतो. सुरुवातीला प्रत्येक जण ५०० रुपयांच्या चिप्स घेत असे. ती रक्कम कोणाच्या लक्षात न येता वाढत गेली, आणि गेली तीन वर्षे आम्ही ५,००० रुपये घेऊन बसतो. संपले की पुन्हा घेतो. हिशेब सोमवारपर्यंत मोबाइलवरून चुकता करायचा असा नियम आहे. यजमान मित्र मोठ्या डावातून शंभर रुपये जेवणखर्चासाठी बाजूला काढतात. मी प्रत्येक बैठकीचा हिशेब वहीत लिहितो आणि त्याप्रमाणे या तीन वर्षांत मी ४१,५०० रुपयांनी फायद्यात आहे. टाळेबंदीत मोबाइलवरही खेळू लागलो होतो, तेथे मात्र एकूण ६७,००० रुपये गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले तेव्हा तेही थांबले, आणि खरे सांगायचे तर पंधरा दिवसांत मला त्याची आठवणही उरली नाही.

लहानपणी मी बुद्धिबळ खेळत असे. पोकरकडेही त्याच ओढीने वळलो. रोज रात्री तासभर तरी डावांचा अभ्यास करतो. पत्नीची पैशांविषयी तक्रार नाही, ती एवढेच म्हणते, "तुम्ही पानावर बसता तेव्हाही दुसरीच पाने मोजत असता."

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आमच्यातील एक मित्र, जे तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतात, शेवटचे पान उघडल्यावर समोरच्या सगळ्या चिप्स पुढे सरकवून बसले. त्यांची एक सवय मला ठाऊक आहे. हातात खरोखर चांगली पाने असली की ते वाटीतले भडंग खात राहतात. ब्लफ करत असले, म्हणजे हलक्या पानांवर मोठी रक्कम लावून दम देत असले, की हात वाटीपर्यंत जातो आणि तेथेच थांबतो. त्या रात्री हात थांबला. माझ्याकडे दहाची जोडी होती. तेवढ्यावर मी कॉल केला, म्हणजे त्यांच्याइतकीच रक्कम लावली, आणि १८,४०० रुपयांचा डाव जिंकला. ते हसले आणि "सोमवारी पाठवतो" म्हणाले. सोमवारी अकरा वाजता त्यांच्याकडून १२,००० रुपये माझ्या खात्यात जमा झाले आणि त्याच दुपारी शाखेच्या थकबाकीच्या यादीत मला त्यांचे नाव दिसले. अवकाळी पावसाने बाग गेल्याचे मला माहीत होते. हप्ते थकल्याचे माहीत नव्हते.

तेव्हापासून दोन शनिवार मी काहीतरी निमित्त सांगून गेलेलो नाही. बाकीचे म्हणतात, छंद आहे, एवढे मनाला काय लावून घ्यायचे. अकरा वर्षांत जे शिकलो ते टाकून द्यावेसे वाटत नाही. मी व्यसनी नाही, खेळासाठी कधी कर्ज काढलेले नाही, वहीप्रमाणे फायद्यातच आहे. मग हा छंद मी सोडावा का?

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आपण प्रश्न स्वतःविषयी विचारला आहे, परंतु आपल्या पत्रातील सर्वांत नेमके वाक्य भडंगाच्या वाटीविषयी आहे. त्या वाटीकडे मी येणारच आहे. त्याआधी वहीचा निकाल लावू, कारण आपला सारा भरवसा तिच्यावर दिसतो, आणि माझ्या मते आपण चांगले खेळता की नाही याविषयी ती वही जवळजवळ काहीच सांगत नाही.

हाताने पाने पिसून, वाटून, मध्ये जेवण उरकून घरच्या टेबलावर तासाला फार तर पंचवीस डाव होतात. पाच तासांच्या बैठकीत सव्वाशे, वर्षाच्या २६ बैठकांत सव्वातीन हजार आणि तीन वर्षांत जेमतेम दहा हजार. आता ५,००० रुपये म्हणजे शंभर मोठे ब्लाइंड (पाने पाहण्याआधीच लावावी लागणारी सक्तीची रक्कम) असे धरले, तर एक ब्लाइंड ५० रुपयांचा झाला. चांगला खेळाडू शंभर डावांमागे सरासरीने पाच ब्लाइंड कमावतो असे मानले, तर दहा हजार डावांत त्याच्या पदरी २५,००० रुपये पडावेत. परंतु या सरासरीभोवतीचा चढउतार, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, शंभर डावांमागे साधारण नव्वद ब्लाइंड इतका असतो. डाव शंभरपट झाले की तो दहापट होतो, म्हणजे दहा हजार डावांवर ९०० ब्लाइंड किंवा ४५,००० रुपये. कमाई पंचवीस हजारांची आणि हेलकावा पंचेचाळीस हजारांचा! त्यामुळे खरोखर चांगला खेळणारा माणूसही तीन वर्षांनंतर तोट्यात असण्याची शक्यता दहात जवळजवळ तीन आहे, तर ज्याचे कौशल्य इतरांहून तसूभरही अधिक नाही असा माणूस तेवढ्याच काळात ४५,००० किंवा त्याहून अधिक रुपयांनी फायद्यात असण्याची शक्यता साधारण सहात एक आहे. आपल्या टेबलावर सात जण बसतात. ते सातही जण अगदी एकसारखे खेळणारे असते, तरी त्यांच्यापैकी एकाच्या वहीत बहुधा आपला आकडा निघाला असता. ते आपणच निघालात, एवढेच या वहीवरून सिद्ध होते.

मोबाइलवर गेलेल्या ६७,००० रुपयांनाही हाच न्याय लावा. तेथे तासाला साठ-सत्तर डाव होत, प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, कंपनी आपला वाटा कापून घेत असे, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला होता. अशा पाण्यात चांगला पोहणाराही तळाला जातो. त्या तोट्यापेक्षा मला आपले पुढचे वाक्य मोलाचे वाटते, ते म्हणजे पंधरा दिवसांत आठवणही उरली नाही हे. खेळ सोडून पाहण्याचा प्रयोग सरकारने आपल्यावर फुकटात करून दिला आहे. त्याचा निष्कर्ष पुढे कामी येईल.

फायद्याचा मुद्दा आपणच काढला आहे म्हणून आणखी एक हिशेब. तीन वर्षांच्या बैठकींचे ३९० तास आणि रोजच्या अभ्यासाचे सुमारे १,१०० तास मिळून जवळजवळ पंधराशे तास झाले. ४१,५०० रुपये त्यांवर वाटले तर तासाला अठ्ठावीस रुपये पडतात. छंदाला मजुरी लावणे मला स्वतःला आवडत नाही. परसातल्या गुलाबांवर मी घालवलेल्या रविवारांचा कोणी असा हिशेब मांडला तर मी त्याच्याशी बोलणार नाही. परंतु गुलाबांमुळे मी फायद्यात आहे असे मी कधी म्हटलेले नाही. शिवाय पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर आयकर कायदा ३० टक्के कर सांगतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करू देत नाही. बँकेतील अधिकाऱ्याला हे मी सांगायला नको.

अकरा वर्षांच्या शिकण्याविषयी आपण लिहिले आहे ते मला खरे दुःख वाटते, आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे ज्या गावाला बुद्धिबळाची ओळख मिळाली, त्या गावात वाढलेल्या मुलाला पोकरची ओढ का वाटावी हे समजण्यासारखे आहे. दोन्हींत समोरच्याचा विचार ओळखायचा असतो. परंतु दोन्ही खेळांची शिकवण्याची रीत अगदी वेगळी आहे. बुद्धिबळात हरलेला डाव चाली लिहिलेल्या कागदावरून घरी पुन्हा मांडता येतो आणि चूक कोठे झाली ते त्याच रात्री कळते. पटावर दिसत नाही असे तेथे काही नसतेच. पोकरमध्ये आपण अचूक खेळून हरता आणि चुकीचे खेळून जिंकता. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, म्हणजे आपल्या दोन बैठकींत जेमतेम एकदा. ती आली आणि समोरच्याकडे राजांची जोडी निघाली, तरी शंभरांत अठराच्या आसपास वेळा राजेच जिंकतात. त्या अठरांपैकी एक रात्र वाट्याला आली की माणूस नसलेली चूक शोधत बसतो, आणि उरलेल्या ब्याऐंशींत असलेली चूक त्याच्या लक्षातच येत नाही. म्हणूनच गंभीर खेळाडू टेबलापेक्षा संगणकाकडून अधिक शिकतात, आणि संगणक तर इतका पुढे गेला आहे की कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांचा सहभाग असलेला प्लुरिबस हा प्रोग्रॅम २०१९ मध्ये सहा जणांच्या टेबलावर नामवंत व्यावसायिकांना भारी पडला. आपल्या रात्रीच्या तासाभराच्या अभ्यासाला अंत नाही, तो यामुळे. बुधगाव रस्त्यावरच्या टेबलाला त्यातील दशांशाचीही गरज नाही.

तेथे आपल्याला उपयोगी पडली ती भडंगाची वाटी.

आता तिच्याकडे येतो. अनोळखी माणसांच्या टेबलावर समोरच्याची लकब ओळखणे हे कौशल्यच आहे आणि त्याबद्दल कोणी अपराधी वाटून घेऊ नये. आपल्या टेबलावर मात्र ही ओळख अकरा वर्षांच्या मैत्रीतून आलेली आहे. ज्या नजरेने आपण त्यांचा थांबलेला हात पाहिला, त्याच नजरेला त्यांची गेलेली बागही दिसली असेल. त्या रात्री आपण एकच गोष्ट मोजली. हा दोष मी आपल्याला देत नाही, खेळाची मांडणीच तशी आहे. घरच्या पोकरमध्ये बाहेरून पैसा येत नाही. यजमानांचे शंभर रुपये सोडले तर एकाचा फायदा म्हणजे इतरांचा तोटा, आणि आपल्या ४१,५०० रुपयांतील प्रत्येक रुपया ओळखीच्या सहा खिशांतून आलेला आहे. आपल्या वहीत फक्त आपला स्तंभ आहे. एकदा शेजारी आणखी सहा स्तंभ आखा आणि आठवेल तेवढे भरा. माझा तर्क असा आहे की आपले बहुतेक पैसे एकाच माणसाकडून आलेले निघतील, आणि ५०० चे ५,००० झाल्यानंतर इतर पाच जण थोडेफार इकडेतिकडे होत राहिले असतील. पोकरच्या टेबलावर सतत हरणारा एक जण असला की ते टेबल वर्षानुवर्षे टिकते, आणि तो उठून गेला की दोन-तीन महिन्यांत मोडते. हे खेळणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी बोलून दाखवत नाही.

एका डावावरून मी आपल्या मित्रांना व्यसनी ठरवणार नाही. बाग गेल्यावर माणसाला महिन्यातून दोन संध्याकाळी चार मित्रांत बसावेसे वाटणे साहजिक आहे, आणि ५,००० रुपये देण्याखेरीज त्या घरात शिरण्याचा दुसरा मार्ग आपण कोणी ठेवलेला नाही.

बँकेचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यात दुमत होण्यासारखे काही नाही. यादीत दिसलेले नाव आपण त्या टेबलावर कोणालाही सांगू शकत नाही, सद्हेतूनेही नाही, आणि त्या मित्रांनाही "मला माहीत आहे" असे सुचवू नये. त्याचबरोबर या कर्जदाराशी आपला वैयक्तिक पैशांचा व्यवहार आहे हे वरिष्ठांना लेखी कळवून ते खाते दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवण्यास सांगावे. वसुलीचा निर्णय आपल्या सहीने झाला आणि उद्या कोणी त्या सोमवारची अकरा वाजताची नोंद पुढे केली, तर आपल्या बाजूने बोलायला जागा उरणार नाही.

१२,००० रुपये परत करावेत का, असे आपण विचारलेले नाही, परंतु मनात आले असणार. माझ्या मते करू नयेत. परत केलेले पैसे त्यांना दया वाटतील आणि आपल्याला कोठून काय कळले हेही त्यांतून उघड होईल. त्यापेक्षा एखाद्या आडवारी त्यांच्याकडे जा. बाग गेल्याचे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तेवढ्यावरून मित्राला मित्राशी बोलता येते. पुढच्या बैठकीत मात्र बोलायचे ते स्वतःविषयी : "मी यापुढे ५०० वर बसेन, आणि संपले तर एकदाच पुन्हा घेईन." आकडा वाढताना कोणाच्या लक्षात आला नव्हता; कमी होताना कोणीतरी तो मोठ्याने म्हणावा लागेल, आणि ज्याची वही फायद्यात आहे त्याने तो म्हटला तर तोट्यात असलेल्याला मान खाली घालावी लागणार नाही. कोणी चिडवले तर चिडवू द्या.

यजमानांचे शंभर रुपयेही त्याच दिवशी बंद करा. जुगाराच्या अड्ड्यावर याच कपातीला नाल म्हणतात. महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचा पत्त्यांच्या बाबतीतला रोख मुख्यतः अशा जागांवर आहे, जिथे जागा ठेवणाऱ्याला खेळातून लाभ होतो. आपले यजमान त्यातून फक्त मटणाचा खर्च भागवत असतील, तरी पॉटमधून पैसे काढण्यापेक्षा जेवणाची वर्गणी वेगळी जमा करणे केव्हाही शहाणपणाचे.

आता आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर. रात्रीचा अभ्यास आजच सोडा. आपल्या पत्नीची तक्रार त्याच तासाविषयी आहे आणि ती रास्त आहे. ५,००० रुपयांचे टेबल सोडा. पोकर सोडण्याची गरज मला दिसत नाही, अट एवढीच की सातही जणांनी ५०० वर यावे. ते आले नाहीत, किंवा ते आले आणि आपल्यालाच तो डाव अळणी लागू लागला, तर मात्र उठावे, कारण मग आपल्याला पाने नव्हे तर रक्कम आवडत होती असे ठरेल. माझा अंदाज तसा नाही. मोबाइलवरचा खेळ आपण पंधरा दिवसांत विसरलात, आणि मळ्यातले शनिवार मात्र किती चुकले ते मोजून लिहिलेत.

*

प्रश्न : मी कराडला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षात शिकतो. पोकर हा कौशल्याचा खेळ आहे आणि जगभर लोक त्यावर पोट भरतात, हे घरच्यांना पटत नाही. ते मला तो सोडायला सांगतात. कायदा कौशल्याच्या खेळाला जुगार मानत नाही ना?

— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : कायद्याचे उत्तर आपल्याला वाटते तितके सरळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. पोकरला मात्र २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने जुगारच ठरवले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयीच्या कायद्याने तर हा वादच ओलांडला, कारण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरील त्यातील बंदी कौशल्य आणि नशीब असा भेद करत नाही. आपण ज्यांच्याकडे पाहून हे लिहिले असेल त्यांतील बहुधा पहिले नाव ख्रिस मनीमेकर यांचे असेल. हे अमेरिकी हिशेबनीस २००३ मध्ये ८३९ खेळाडूंतून पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेले. उरलेल्या ८३८ जणांचे काय झाले हे कोणी आवर्जून सांगत नाही. पोकरमागचे गणित आपल्याला खरोखर आवडत असेल तर संभाव्यता, संख्याशास्त्र आणि खेळसिद्धांत हे विषय घ्या. वरच्या पत्राच्या उत्तरातील हिशेब स्वतः करून पाहा. तो जमला, तर पोट भरण्यासाठी किती हजार डाव आणि किती भांडवल लागेल हेही आपणच काढू शकाल, आणि घरच्यांशी बोलताना मग माझी गरज पडणार नाही.

*

प्रश्न : माझे यजमान ३९ वर्षांचे आहेत. फोनवर पोकर खेळायची त्यांची सवय ऑनलाइन खेळ बंद झाल्यावर सुटेल असे वाटले होते; परंतु कोणा ओळखीच्याने दिलेल्या आयडीवर ते अजून खेळतात आणि पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यात पाठवावे लागतात. मुलीच्या नावाची २,४०,००० रुपयांची ठेव त्यांनी मला न सांगता मोडली. विचारले की म्हणतात, हरलेले तेवढे परत आले की सोडतो. पालीच्या खंडोबाची शपथ दोनदा घेऊन झाली. सासूबाई म्हणतात, तुझे दागिने मोडून एकदाचे सगळे देणे फेडून टाक, म्हणजे त्याच्या डोक्यावरचा भार जाईल आणि तो सुधारेल. मी काय करावे?

— एक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, दागिने मोडू नका. ते आपले स्त्रीधन आहे आणि ते कोणी आपल्याकडून मागू शकत नाही, हा झाला हक्काचा भाग. व्यवहाराचा भाग असा की अशा माणसाचे सगळे देणे एकदम फिटले की त्याला पुन्हा उधार मिळू लागते. फेडायचेच असेल तेव्हा आधी कोणाचे किती हे कागदावर पूर्ण लिहून घ्या, ज्याचे त्याला थेट आणि हप्त्याने द्या, आणि त्यांच्या हातात रोख रक्कम देऊ नका. मुलीच्या आणि आपल्या नावावर जे आहे ते आपल्या एकटीच्या ताब्यात राहील अशी व्यवस्था याच आठवड्यात बँकेत जाऊन करा.

याला छंद म्हणणे आता थांबवावे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदान-पुस्तिकेने जुगाराच्या विकाराला व्यसनांच्या गटात घातले, आणि त्याच्या नऊ लक्षणांपैकी चार किंवा अधिक एका वर्षाच्या अवधीत दिसली तर तो विकार मानला जातो. हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, घरच्यांशी खोटे बोलणे, सोडण्याचा प्रयत्न पुनःपुन्हा फसणे आणि जवळच्या नात्यावर संकट आणणे ही त्यांतील चार आपल्या एवढ्याशा पत्रातच आहेत. निदान मी करू शकत नाही, ते डॉक्टरच करतील. परंतु शपथेने हे सुटत का नाही, ते यावरून ध्यानात यावे. शपथ मोडल्याची लाज आली की ती विसरण्यासाठीही माणूस खेळायलाच बसतो.

अनोळखी खात्यांत जाणाऱ्या पैशांचा प्रकार अधिक धोक्याचा आहे. अशी खाती पुष्कळदा फसवणुकीच्या पैशांची ने-आण करण्यासाठी वापरलेली असतात, आणि तपासात पोलिसांनी ती गोठवली की त्यांच्याशी व्यवहार केलेल्याचे खातेही अडकू शकते. तक्रार केली तर यजमानांनाच शिक्षा होईल या भीतीने आपण गप्प असाल, तर ती भीती ठेवू नका. २०२५ च्या कायद्यातील तीन वर्षांपर्यंतची कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंतचा दंड असे खेळ चालवणाऱ्यांसाठी आहे, खेळणाऱ्यासाठी नाही. पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक आहे.

उपचारांसाठी त्यांनी तयार होण्याची वाट पाहत बसू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येते आणि घरच्या माणसानेही तेथे फोन करून विचारता येते. पुढे कोणत्या मनोविकारतज्ज्ञाकडे जावे हेही ते सांगतील. देणे वाढलेल्या माणसाच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात. ते येतात का, असे त्यांना थेट विचारा. विचारल्याने ते सुचत नाहीत, उलट माणूस बोलू लागतो. उत्तर होय असे आले तर त्यांना एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ वरचा पहिला फोन मात्र आपणच आज करा, आणि तो सासूबाईंना शेजारी बसवून, स्पीकर चालू ठेवून करा. दागिन्यांविषयी त्यांना जे सांगायचे आहे ते तिकडच्या माणसाच्या तोंडून ऐकले तर आपल्याला घरात वेगळे भांडावे लागणार नाही.